वेणी घालता येईपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीचे सगळे दात अजून शाबूत आहेत, आणि ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. साठी उलटली तिची. तरी भाजलेलं कणीस समोर आलं की दोन्ही हातांत धरून कराकरा खाते, ऊस दातांनी सोलते, आणि अक्रोड फोडायला कुणी बत्ता शोधायला उठलं की म्हणते, “कशाला, आण इकडे.” मी तिच्यासमोर बसलेली असते, वरणात भाकरी कुस्करून ती मऊ व्हायची वाट बघत. माझी कवळी रात्री वाटीत असते आणि दिवसा तोंडात, आणि दोन्हीकडे ती मला सारखीच परकी वाटते. मुलं म्हणतात, आई, या वयात मावशीचा कसला हेवा करतेस. मी म्हणते, या वयातच तर कळतं कुणाला काय मिळालं ते. तरुणपणी दात सगळ्यांनाच असतात.

आम्ही हैदराबादला कोठीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. पुढची खोली, मागची खोली, मध्ये उंबरा, आणि मागच्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी. दादा, म्हणजे आमचे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते. गाव बीदरकडचं, शेती चुलत्यांकडे, आणि दादा शिकले म्हणून शहरात आले. सरकारी नोकरी त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरात मांजर शिरलं तरी ते आधी विचारायचे, “दार कुणी उघडं ठेवलं?” मग मांजर हाकलायचे. आई गावाकडची. तिला हैदराबादचं उर्दू समजायचं, बोलायची मात्र लाजत लाजत, आणि बाहेर फारशी पडायची नाही. कोठी, बेगम बाजार, नामपल्ली ही नावं तिला दादांच्या बोलण्यातून पाठ झाली होती. गल्लीत सकाळी भाजीवाल्याची हाळी, वर घरमालकांचा रेडिओ, खाली आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. सकाळी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, संध्याकाळी भात आणि खट्टी दाळ. आजही चिंच घातलेल्या डाळीला फोडणी बसली की मी त्या उंबऱ्यावर जाऊन बसते.

मी पहिली. पहिलटकरणीचं पोर म्हणून माझे लाड झाले, आणि आमच्याकडे लाड म्हणजे गूळ. दादा बेगम बाजारातून गुळाची ढेप आणायचे. आई मऊ फडक्यात गुळाचा खडा बांधून त्याची पुरचुंडी माझ्या तोंडात द्यायची. मी रडले की पुरचुंडी, आईला स्वयंपाक असला की पुरचुंडी, आणि झोपताना तर असायचीच. तिच्या माहेरी सगळी पोरं अशीच निजवायचे. मी ती चोखत चोखत झोपून जायची आणि रात्रभर गूळ माझ्या तोंडात राहायचा. मोठी झाल्यावर फडकं गेलं, पण झोपताना गुळाचा खडा लागायचाच. पुढचे दात काळे पडले तेव्हा आई म्हणाली, “दुधाचेच आहेत, पडणारच आहेत की.” दादाही तेच म्हणाले. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका तेच म्हणाल्या. मला मात्र त्यात काही कमी वाटत नव्हतं. गूळ होता, आई होती, माझ्यासारखी सुखी पोट्टी त्या गल्लीत दुसरी नव्हती.

मग छबी झाली. ती तीन वर्षांची असेल आणि मी आठ, तेव्हा माझी उजवी दाढ ठणकायला लागली. आईनं लवंग धरायला लावली, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावली, हळदीचा लेप दिला. गाल फुगून डोळा मिटायची वेळ आली तेव्हा दादांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्हां सगळ्यांना घेऊन कोठीवरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. पुस्तकांच्या दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना, चढायला लाकडी जिना, आणि आत लवंगेच्या तेलाचा वास. डॉक्टर म्हातारे होते, बोलणं आपलं हैदराबादी. त्यांनी माझ्या तोंडात आरसा घातला आणि आईकडे न बघताच विचारलं, “रात को मुँह में क्या देके सुलाते?”

आई म्हणाली, “गूळ.”

“हौ, वोइच तो. दूध के दाँतां हैं, गिरनेवालेच हैं, ऐसा बोलके छोड़ दिए ना?” डॉक्टर म्हणाले. “अम्मा, ये दाँतां नीचे के पक्के दाँतां की जगह पकड़ के बैठे रहते. ये निकाला, तो जगह भी जाती.”

दाढ काढावी लागली. त्या दुखण्याबद्दल मी लिहीत नाही, कारण ते मला आठवत नाही. आठवतं ते त्यानंतरचं. मी तोंडात कापसाचा बोळा घेऊन त्या उंच खुर्चीत बसले होते आणि डॉक्टरांनी दादांच्या कडेवरच्या छबीला तोंड उघडायला लावलं. तिनं ‘आ’ केलं. आत नवे कोरे, पांढरेशुभ्र दात. डॉक्टर खूष झाले. म्हणाले, हिला वाचवा. झोपताना गोड बंद, नुसतं पाणी. दोन वेळा ब्रश, आणि ब्रश आई-बापानं करायचा, पोरीच्या हातात द्यायचा नाही. “बच्ची के हाथ को अक्कल नहीं रहती. अपनी चोटी आप गूँथने लगी ना, तब समझना हाथ को अक्कल आई. तब तक माँ करना.”

आणि इथे दादांनी माझा घात केला. मी नुकतीच वेणी घालायला शिकले होते. खाटेच्या पायाला लाल फीत बांधून कितीतरी दुपारी सराव केला होता, आणि जिला तिला दाखवत सुटले होते की बघा, माझी मी घातली. दादा मोठ्या कौतुकानं म्हणाले, “डॉक्टरसाब, इसको आती! ये बड़ी, आपेच गूँथ लेती.” डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. “शाबास. तो फिर ये तो बड़ी हो गई.” माझ्या तोंडात बोळा होता. मला बोलता आलं असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं की मला येत नाही, खोटं आहे ते, आईच घालते. पण तोंड बंद होतं आणि निकाल लागून गेला होता.

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात नवा कारभार सुरू झाला. दादांनी डॉक्टरांचं बोलणं वरिष्ठांच्या हुकमासारखं घेतलं. गुळाचा डबा फळीवर गेला. छबीला एक छोटा गुलाबी ब्रश आला. मलाही आला, हिरवा, पण नुसता ब्रश. “तू आता मोठी आहेस, नीट घास,” एवढं सांगून दादांनी तो माझ्या हातात दिला. छबीचं जेवण दिवेलागणीलाच उरकायचं. मग आई मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची, पाय पसरायची, आणि छबीचं डोकं मांडीवर घ्यायची. दादा बॅटरी घेऊन उकिडवे बसायचे. बॅटरीचा झोत छबीच्या तोंडात, आईचा डावा हात तिच्या हनुवटीखाली, उजव्या हातात ब्रश, त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट. मी उंबऱ्यावर पुस्तक उघडून बसायची. उजेड सगळा छबीच्या तोंडात जायचा, मला पानावरचं अक्षर दिसायचं नाही. तसंही मी वाचत नव्हतेच.

छबी पहिल्या दिवशी तोंड उघडेना, तेव्हा आईनं एक युक्ती काढली. शहर फारसं न फिरलेल्या माझ्या आईनं छबीच्या तोंडात हैदराबाद वसवलं. पुढचे दात म्हणजे कोठी. “कोठी झाडून झाली का? रस्ता किती चकचकीत झाला बघ. आता बेगम बाजार.” बेगम बाजार खालच्या बाजूला, तिथे म्हणे फार गर्दी, गुळाचा, मिरचीचा कचरा पडलेला, सावकाश झाडावं लागतं. आणि अगदी मागच्या दाढा म्हणजे नामपल्लीचं स्टेशन. “नामपल्लीला गाडी येतेय, फाटक उघडा, आऽऽ,” असं आई म्हणायची आणि छबी घसा दिसेपर्यंत तोंड उघडायची. दादा बॅटरी हलवत गाडीचा आवाज काढायचे. माझे दादा, जे ऑफिसातून आले की चहा पिऊन होईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत, ते गाडीचा आवाज काढायचे. आईच्या बांगड्या ब्रशाबरोबर किणकिणायच्या. मग चूळ, मग छबीचं ते थुंकणं, आणि आईनं पदरानं तिचं तोंड पुसणं. पदर फिरवताना आई तिच्या ओठांवरून अंगठा न्यायची. मला तो अंगठा सगळ्यात जास्त खुपायचा.

मला जळजळ व्हायची, अगदी छातीत. दाढ माझी गेली. दुखलं मला. गाल माझा सुजला. माझ्या दातांवर शिकले आणि तिचे दात राखायला बसले. मी नसते तर त्यांना कळलं असतं का, गूळ देऊन निजवू नये म्हणून? मग पहिला मान कुणाचा? असं मी त्या उंबऱ्यावर बसून मनातल्या मनात भांडायची, आणि भांडण जिंकायची, आणि तरी मांडीवर छबीच असायची. आता माझ्या मुलांना वाढवून झाल्यावर मला ठाऊक आहे की आई-बाप पहिल्या पोरावरच शिकतात, दुसरं करायला वावच नसतो. ठाऊक असून काही उपयोग होत नाही. दुसऱ्या पोराला शहाणे आई-बाप मिळतात आणि पहिल्याला नवशिके, आणि हे कुठल्याही वयात गळी उतरत नाही.

शेवटी मी ठरवलं की मला वेणी येत नाही. हुकूमच असा होता ना, वेणी घालता येईपर्यंत ब्रश आईनं करायचा. मग येतच नसेल तर? सकाळी शाळेच्या वेळी मी केस मोकळे सोडून, कंगवा आणि फीत घेऊन आईसमोर उभी राहिले. “मला येत नाही.”

आई भाकरी थापत होती. “काल तर घातली होतीस.”

“विसरले.”

दादा पुढच्या खोलीत बूट घालत होते. तिथूनच म्हणाले, “वेणी कुणी विसरतं का गं? उद्या म्हणशील चालायला विसरले.” आईनं पिठाचे हात पुसले आणि माझी वेणी घातली, इतकी आवळून की माझ्या भुवया वर गेल्या. मला तेही चाललं असतं, पण वेणीसाठी तिच्याकडे पाठ करून बसावं लागतं. मला पाठ नव्हती करायची. संध्याकाळी छबीची चूळ भरून झाली आणि तिला उचललं, तशी मी उंबऱ्यावरून उठले आणि तिच्या जागी जाऊन आडवी झाले. आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि तोंड उघडलं.

दादांनी बॅटरी माझ्या तोंडावर धरली. “हे काय?”

“मला वेणी येत नाही आता. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?”

हुकमातली वाट मी बरोबर शोधली होती आणि ते दादांना कळत होतं. मग ते हसले आणि त्यांनी बॅटरी विझवली. “एकदा बढती झाली की माणूस मागं येत नाही, मंगल. ऊठ, अभ्यासाला बस.” मी आईकडे बघितलं. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला, एवढंच. मी उठले आणि अंधारात मोरीवर जाऊन हिरव्या ब्रशानं हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासले, आणि मुद्दाम मोठ्यानं थुंकले. कुणी बघायला आलं नाही.

पण मी हट्टाची पक्की. दुसऱ्या दिवशी केस मोकळे सोडूनच शाळेत गेले. आमची मराठी शाळा, तिथल्या बाई कडक. त्यांनी सुतळीनं माझे केस बांधले आणि सगळ्या वर्गाला दाखवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी तशीच गेले. बाईंनी घरी निरोप धाडला. दादा चिडले, आईनं रोज सकाळी आवळून वेणी घालायला सुरुवात केली, आणि मी रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून बघत राहिले की आज तरी आई मला हाक मारते का. छबी तिथून मान वळवून माझ्याकडे बघायची आणि फेसाळ तोंडानं हसायची. तीन वर्षांचं पोर ते, त्याला काय कळतंय. तरी मला वाटायचं, ही मला दाखवून हसते. अजूनही हसली की तेच वाटतं.

इथून पुढचं मी छबीला कधी सांगितलेलं नाही. इथे लिहायला हरकत नाही, कारण ती हे वाचणार नाही. दादांची पुढे बढती झाली तेव्हा तिला इंग्रजी शाळेत घातलं. मराठी ती फाडफाड बोलते, पण वाचायला दिलं की अक्षराला अक्षर जोडत बसते आणि दोन ओळींत कंटाळते. वाचायला घेतलंच तर बोटानं ओळ धरून या पानापर्यंत पोचायला तिला पुढची दिवाळी उजाडेल.

ती शनिवारची दुपार होती. शाळा अर्धीच, दादा ऑफिसात, छबी पुढच्या खोलीत झोपलेली. मी मागच्या खोलीत खाटेशी बसले होते. खाटेच्या पायाला माझी लाल फीत अजून बांधलेली होती. मी कशाचा तरी विचार करत होते आणि माझे हात आपोआप त्या फितीची वेणी घालत होते. उजवीकडून, डावीकडून, छान घट्ट, एक पीळ सैल नाही. वर बघितलं तर आई दारात उभी.

मला वाटलं, संपलं. आता दादांना सांगणार. पण आई आत आली, तिनं त्या फितीच्या वेणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “हात विसरले नाहीत तर.” मग ती खिडकीखाली बसली, उन्हाची तिरीप पडली होती तिथे. पाय पसरले आणि मांडीवर थोपटलं. “ये.”

मी गेले. डोकं ठेवलं. मांडी मऊ होती आणि पातळाला फोडणीचा वास होता. आईनं माझा हिरवा ब्रश पाण्यात भिजवला आणि त्यावर पेस्ट घेतली. तिनं माझी हनुवटी धरली आणि ती माझ्या तोंडात वाकून बघायला लागली, आणि खूप वेळ नुसती बघतच राहिली. मला तिचा चेहरा उलटा दिसत होता. बघता बघता तिचंही तोंड उघडलं गेलं, समोरच्याला घास भरवताना आपलं उघडतं तसं. आणि मी पहिल्यांदा आईचे दात बघितले. आई मिश्री लावायची. भाजलेल्या तंबाखूची पूड, तिच्या गावाकडच्या सगळ्या बायका लावायच्या. पहाटे मोरीवर पाठ करून आई ती लावायची, आणि हसताना तोंडावर पदर घ्यायची, त्यामुळे आत काय आहे ते मला कधी दिसलंच नव्हतं. दात काळे होते, हिरड्यांपासून सुटलेले. मागे एका बाजूला काहीच नव्हतं. आई तेव्हा तिशीचीही नव्हती.

“तुझे पण गेले?” मी विचारलं.

“लग्नाआधीच. गूळ मी पण खाल्ला की.” ती घासायला लागली, सावकाश, जिथे दुखत होतं तिथे हात हलका करत. मग म्हणाली, “त्या दिवशी डॉक्टरांनी तुझं तोंड बघितलं, छबीचं बघितलं. मी तिथंच उभी होते. माझ्या तोंडात कुणी बघू का म्हणालं नाही.” तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. कोथिंबीर महाग झाली म्हणावं तसं म्हणाली. “रोज संध्याकाळी तिचे दात घासते ना मंगल, तेव्हा मला पण वाटतं. हिचा हेवा वाटतो मला. स्वतःच्या पोरीचा. माझी आई अशी बसली असती का, असं येतं मनात. तू उंबऱ्यावर बसतेस ते मला दिसतं. मी तुला हाक नाही मारत, कारण तू माझ्यासारखीच दिसतेस तिथं.”

मला तेव्हा त्यातलं अर्धंच कळलं. जे कळलं ते एवढंच की आई आणि मी एका बाजूला आहोत आणि छबी दुसऱ्या बाजूला, आणि हे मला इतकं आवडलं की मी तोंड आणखी मोठं उघडलं. “कोठी म्हण ना,” मी म्हणाले. फेसातून ते नीट आलं नसणार, पण आईला समजलं. तिनं कोठी झाडली. बेगम बाजार झाडला. नामपल्लीला गाडी आली, मी फाटक उघडलं. मग ब्रश त्या दाढेच्या रिकाम्या जागेपाशी आला आणि थांबला. आईनं बोटानं ती जागा चाचपली. छबीच्या शहरात असली जागा नव्हतीच.

“इथं काय आहे?” मी विचारलं. मला वाटलं, आई म्हणेल की काही नाही.

दादा त्या वर्षी आम्हांला नामपल्लीच्या मैदानावर नुमाइश बघायला घेऊन गेले होते. दुकानं, दिवे, पाळणे, मिरचीची भजी, आणि नुमाइश उठल्यावर एकदा तिथून जाताना ते सगळं मैदान ओकंबोकं पडलेलं आम्ही दोघींनी बघितलं होतं. मी तेव्हा रडले होते. आई म्हणाली, “हे ते मैदान. नुमाइश उठून गेलीय. पुढच्या साली परत भरते, दादा म्हणाले होते ना? आपण जागा झाडून ठेवायची.” आणि तिनं ती जागा झाडली, अगदी हळू. मग चूळ. मग पदर. पदर फिरवताना माझ्या ओठांवरून तिचा अंगठा गेला.

“छबीला सांगू नकोस,” आई म्हणाली.

ते पुन्हा कधी झालं नाही. सोमवारी मी माझी वेणी माझी घालून शाळेत गेले. संध्याकाळी छबी आईच्या मांडीवर आणि मी उंबऱ्यावर, सगळं पहिल्यासारखं. जळजळ गेली असं मी म्हणणार नाही, गेली नाही. पण अधूनमधून आई छबीच्या दातांवरून मान वर करून माझ्याकडे बघायची, आणि मी जीभ त्या रिकाम्या मैदानात फिरवायची. दोन-तीन वर्षांनी तिथे पक्का दात आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, शेजारच्यांनी जागा खाल्ली होती, बिचारा वाकडा होऊन कसाबसा उभा राहिला. पुढे बाकीचे सगळे गेले. तो वाकडा तेवढा सगळ्यात शेवटी गेला. आई त्याआधीच गेली होती.

गेल्या दिवाळीत छबी तिच्या नातीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. इरा सहा वर्षांची आहे. मुलगा-सून दोघंही ऑफिसात, त्यामुळे दात घासायचं काम आजीवर आलेलं. त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे म्हणे की पोरीच्या हातात ब्रश देऊन मोकळं व्हायचं नाही, मोठ्यांनी बसून घासायचे. म्हणजे कोठीवरचे म्हातारे डॉक्टर सांगून गेले तेच. संध्याकाळी छबी तिला सोफ्यावर मांडीवर घेऊन बसली, पण पोरगी ओठ घट्ट मिटून माना हलवत होती. “नक्को आजी. आय हेट इट. नक्को.” छबीनं गोड बोलून बघितलं, मोबाइल दाखवून बघितला, मग रागावून बघितलं. मी समोरच बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “आधी कोठी झाडून घे. मग बेगम बाजार. आणि नामपल्लीला गाडी येतेय, फाटक उघडा, आऽऽ.”

इरानं तोंड उघडलं, थेट घशापर्यंत.

छबी ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. “हे काय गं ताई? कुठून काढलंस?”

“कुठून म्हणजे? आई म्हणायची. तुझे दात घासताना. रोज.”

“आई?” छबी म्हणाली. “माझे दात आई घासायची?”

मला आधी वाटलं, चेष्टा करते. पण तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती. तिला आठवतच नव्हतं. मांडी नाही, बॅटरी नाही, दादांचा गाडीचा आवाज नाही. इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते, तिच्याकडे त्यातली एक संध्याकाळसुद्धा नव्हती. दात तेवढे होते. “मला काहीच आठवत नाही गं,” ती म्हणाली. “सांग ना. आई कशी बसायची? काय काय म्हणायची?”

मी सांगितलं. पाय कसे पसरायची ते सांगितलं, बांगड्या सांगितल्या, अंगठासुद्धा सांगितला. छबी ऐकत होती आणि तिचे ते सगळे दात ओठांच्या आड गेले होते. “तुझं बरं आहे,” ती म्हणाली. “तुला सगळं आठवतं.” मग ती चूळ भरायला पाण्याचा पेला आणायला आत गेली.

इराचा पुढचा एक दात आदल्याच आठवड्यात पडला होता. तिनं त्या फटीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “मोठी आजी, आणि इथं काय आहे?”

आतून छबी ओरडली, “सांग गं ताई तिला. तिथं काय म्हणायची आई?”

“तुझा असा दात पडल्याचं मला आठवत नाही,” मी मोठ्यानं म्हणाले. मग इराला जवळ ओढलं, आणि तिच्या कानाला तोंड लावून तिला ते मैदान देऊन टाकलं, नुमाइशीसकट, आणि परत भरते तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, “छबी आजीला सांगू नकोस.”

छबी पेला घेऊन दारात आली. इरानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते आणि ती हसत होती. “काय सांगितलंस तिला?” छबीनं विचारलं.

“काही नाही.”

छबी उंबऱ्यावरच थांबली, आमच्या दोघींकडे बघत. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. तो चेहरा घेऊन मी माझं सगळं लहानपण काढलं होतं.